पावसाळ्यात हॅकिन्टॉश झोपेतून उठत नाही, उठला तर बायोस कोरा

हॅकिन्टॉश म्हणजे असेंबल केलेल्या साध्या पीसीवर मॅकओएस टाकून चालवलेलं मशीन. पावसाळ्यात त्याचं लक्षण सगळ्यांकडे साधारण एकच. दुपारी पाऊस धरतो, लाइट जाते, इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत तग धरतो आणि मग तोही मान टाकतो. रात्री लाइट आल्यावर सीपीयूचं बटण दाबलं की पंखे फिरतात, पण सफरचंदाऐवजी बायोसचं, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगचं, पान समोर येतं आणि कोपऱ्यात कुठल्या तरी जुन्या वर्षाची एक जानेवारी दिसते. तिथून बाहेर पडलात तर ओपनकोअरचा (पीसीवर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) मेनू येत नाही, किंवा येतो आणि पुढे पांढऱ्या अक्षरांची रांग मध्येच थांबून राहते. दुसरी तऱ्हा लाइट गेलेली नसतानाची. रात्री मशीन झोपवलं, सकाळी कीबोर्डला हात लावला, दिवा लागला, पंखा घरघरला, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. बटण दाबून धरून बंद केलं, पुन्हा चालू केलं, परत बायोस कोरा, म्हणजे आपली सगळी सेटिंग पुसलेली.

आमच्या कोकण किनाऱ्याच्या पट्ट्यात असेंबल केलेल्या पीसीवर मॅकओएस टाकून काम करणारे बरेच आहेत. लग्नाचे व्हिडिओ कापणारे जास्त, त्याखालोखाल भजनं आणि दशावताराचं रेकॉर्डिंग करणारे. 'पावसाळ्यात मशीन रुसतंच' असं म्हणून ते विषय सोडून देतात. यात खरं तर दोन वेगळे रोग एकमेकांत मिसळलेत. एक विजेचा आणि हवेचा, दुसरा मॅकओएस परक्या बोर्डवर ज्या तऱ्हेने चालतं त्या तऱ्हेचा. लक्षणं सारखी असल्यामुळे औषध भलत्याच जागी लागतं.

होतं काय, की बायोस कोरा दिसला की लोक आधी कॉन्फिग डॉट पीलिस्ट, म्हणजे ओपनकोअरच्या सेटिंगची फाइल, उघडतात. मग कुणाचा तरी 'शंभर टक्के चालणारा' ईएफआय फोल्डर (ओपनकोअर, त्याचं कॉन्फिग आणि ड्रायव्हर यातच असतात) उतरवून घेतात, आपल्या बोर्डशी त्याचा संबंध असो वा नसो. आता मूळचा बिघाड तसाच आणि त्याच्या उरावर नवा. त्या फोल्डरमध्ये दुसऱ्याचा सीरियल नंबर असतो तो वेगळाच ताप. एकच नंबर दहा जणांनी वापरला की आयमेसेज आणि फेसटाइम बंद पडतात. म्हणून माझा नेम असा, की वीज, बोर्डवरचा घड्याळाचा सेल आणि बायोस या तिघांची खात्री पटेपर्यंत ईएफआयला हात लावायचा नाही. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायची, तेवढाच अपवाद.

आणि हे सगळं आपलं आपणच करायचं असतं. ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवायला देतो, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला नेऊन तिथे काय सांगणार?

मॅकओएस बाजूला ठेवून बघा

बिघाड कोणत्या बाजूचा हे ठरवायला दोन चाचण्या पुरतात.

पहिली अशी. बायोसमध्ये तारीख-वेळ बरोबर लावा, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर मशीन चालू करा, नीट चालतंय ना ते पाहून बंद करा. मग भिंतीवरून प्लगच काढा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी तारीख गेलेली असेल तर मॅकओएसचा काडीचा संबंध नाही. सेल संपलाय, किंवा सेलच्या आसपास वीज झिरपतेय. प्लग लावलेला असतो तोवर बोर्डला एसएमपीएसकडून, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायकडून, पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत असतो आणि आतलं घड्याळ त्यावरच चालतं; सेलवर वेळच येत नाही. म्हणून मुंबई-पुण्यात जो मेलेला सेल वर्ष-वर्ष कुणाच्या लक्षात येत नाही, तो आपल्याकडे पहिल्या मोठ्या पावसात उघडा पडतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा लाइट आल्यावर बायोसचं तोंड बघावं लागलेले पीसी काही फक्त हॅकिन्टॉश नव्हते.

दुसऱ्या चाचणीत प्लग काढायचा नाही. बायोस नीट लावून मॅकओएसमध्ये जा, थोडा वेळ काम करा, रीस्टार्ट करा. असं दोन-तीनदा करून मग एकदा झोपवून उठवा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. वीज अखंड असताना बायोस कोरा झाला तर तो दोष सेलचा नाही. मॅकओएसचा घड्याळाचा ड्रायव्हर बोर्डच्या स्मृतीत नको तिथे लिहितोय.

दोन्ही चाचण्यांत नापास होणारी मशीनंही असतात. देवगडच्या मित्राचं तसंच होतं. दहाव्या पिढीचा आय-५, बी४६० बोर्ड, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, मॅकओएसची सोनोमा आवृत्ती. त्याचा फोन आला, "रे, मशीन झोपता, पण उठणा नाय." मी विचारलं, "लाइट गेलली काय?" म्हणाला, "काल दोनदा." लाइट आणि झोप या दोन गोष्टी एका दमात आल्या की आधी सीपीयूचा डबा उघडायचा.

डबा उघडल्यावर

त्याचा सीपीयू खिडकीखाली होता, खिडकीतून समुद्र दिसतो. ग्राफिक्स कार्ड काढल्याशिवाय सेल दिसतच नव्हता. बोर्ड बनवणारे सेल नेमका कार्डाखाली का ठेवतात हे मला आजवर कळलेलं नाही. कार्ड ओढताना जरा अडलं, कारण स्लॉटच्या लगत पांढरट पूड बसलेली. सेलच्या खाली जी धातूची जीभ असते तिच्यावर हिरवट पापुद्रा होता. सेल मल्टिमीटरला लावला तर २.४ व्होल्ट. सीआर२०३२ सेलचा छापील व्होल्टेज तीन, नवा असताना त्याहून थोडा वरच दाखवतो. २.८ च्या खाली आला की मी दुसऱ्या विचारात न पडता बदलतो. मागच्या बाजूला, न वापरलेल्या एचडीएमआयच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. ते टाचणीने उकरून काढावं लागलं, आणि उकरताना कळलं की डिस्प्लेपोर्टमध्ये दुसऱ्या घराचा पाया पडलाय.

ती पांढरट पूड म्हणजे खारं वारं. मिठाची एक खोड अशी, की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा त्याच्या वरच असते. म्हणजे उन्हाळ्यात बोर्डवर जी निरुपद्रवी धूळ दिसते, तिचा जुलैत खाऱ्या पाण्याचा पातळ थर होतो आणि त्यातून वीज झिरपायला लागते. घड्याळाला लागणारा करंट इतका चिमूटभर असतो, की एवढ्याशा झिरपण्यानेही सेल वेळेआधी संपतो. नवा सेल घातला आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा तेच, ही तक्रार ज्यांची आहे त्यांनी नव्या सेलच्या आधी बोर्ड साफ करावा.

साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. दवाखान्यातलं सर्जिकल स्पिरिट चालवू नका, त्यात पाणी आणि इतर काही असतं, मागे डाग राहतात. आधी प्लग काढा, बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज उतरते, मग सेल काढा. सेलची जीभ, रॅमचे स्लॉट, कार्डाचा स्लॉट, मागचे यूएसबी. रॅम आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बाजारातले दुरुस्तीवाले खोडरबर घासतात. हलक्या हाताने एकदा ठीक, दर महिन्याला घासाल तर सोन्याचा मुलामा जाईल आणि खालचा धातू आणखी लवकर गंजेल. अल्कोहोल पुरतं. नंतर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायर नको.

सेल विकत घेताना दुकानातच मल्टिमीटर लावून घ्या. गावातल्या दुकानात पाकीट कधीपासून टांगलंय कुणास ठाऊक. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

वीज: इन्व्हर्टर, आणि जांभ्यातलं अर्थिंग

सेल बदलूनही मशीन लाइट जाताच बंद पडत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे बघा. तिथे बहुतेक वेळा एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा ईको. पंखे-दिव्यांसाठी वायरमन ते नॉर्मलवर ठेवून जातो. त्यात लाइट जाऊन बॅटरीवर येईपर्यंत जो क्षणभर खंड पडतो, तो पीसीला पेलवत नाही. चांगल्या एसएमपीएसलाही जेमतेम १६-१७ मिलिसेकंद दम धरता येतो. बटण यूपीएसवर करा. त्याची दुसरी बाजूही आहे: यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं, तेव्हा तो लाइट असतानाही बॅटरीवर जाऊन बसतो आणि खरी लाइट जाते तेव्हा बॅटरी रिकामी. अशा घरी इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लागतो.

स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर गोष्ट आणखी बिघडते. आताच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतो आणि त्याला चौकोनी लहर मानवत नाही. गुणगुणतो, गरम होतो, कधी सरळ ट्रिप होतो. इथे कॉन्फिगमध्ये काहीही बदललं तरी फरक पडणार नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या किंवा पीसीपुरता वेगळा यूपीएस.

अर्थिंगचं दुखणं पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये जास्त. जांभा कोरडा पडला की अर्थिंगच्या खड्ड्याचा उपयोग जवळपास शून्य. सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येतात, हेडफोनमध्ये घुर्र आवाज, यूएसबी ऑडिओ इंटरफेस मध्येच तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. मॅकओएसमध्ये हे नेमकं यूएसबी मॅपिंग (मॅकओएसला कोणती पोर्ट दाखवायची त्याची यादी) चुकल्यासारखं दिसतं आणि माणूस आठवडाभर मॅपशी खेळत बसतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्याहून बरंच जास्त असेल तर वायरमनला बोलवा. आजी तुळशीला पाणी घालते तेव्हा एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यातही ओतायला सांगितलं, तर उन्हाळा निभतो.

बायोस पुन्हा लावताना

आता बायोस. कोरा झाला म्हणजे कारखान्यातल्या सेटिंगवर गेला, आणि त्या सेटिंगवर मॅकओएस सुरू होत नाही यात नवल नाही. हे पुन्हा लावा: सीएसएम बंद, सिक्युअर बूट बंद, फास्ट बूट बंद, अबव्ह फोर-जी डिकोडिंग चालू, एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू, साटा मोड एएचसीआय. व्हीटी-डी बंद करा किंवा ओपनकोअरमध्ये डिसेबलआयओमॅपर चालू असल्याची खात्री करा. सीएफजी लॉक बायोसमध्ये दिसत असेल तर बंद करा.

अक्षरांची रांग कुठे थांबली त्यावरूनही बरंच कळतं. एक्झिटबीएस स्टार्ट या ओळीवर थांबली तर सीएफजी लॉक आणि सीएसएम आधी बघा. पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिनवर थांबली तर अबव्ह फोर-जी. वेटिंग फॉर रूट डिव्हाइस म्हणत शेवटी निषेधाचं वर्तुळ आलं तर डिस्क दिसत नाहीये, म्हणजे साटा मोड बदललाय, किंवा पेनड्राइव्हवरून चालवत असाल तर ते यूएसबी पोर्ट मॅपमध्ये नाही.

हे सगळं एकदा लावून झालं की बायोसमधलं प्रोफाइल जतन करायचं पान शोधा. जवळपास प्रत्येक बोर्डात असतं, बरेचसे पेनड्राइव्हवरही लिहू देतात. ते केलं की पुढच्या वेळी सगळं दोन मिनिटांत परत येतं. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवणं हाही उपाय आहेच. मी दोन्ही करतो, कारण काही बोर्ड बायोस अपडेट झाल्यावर जुनं प्रोफाइल स्वीकारत नाहीत.

ओपनकोअरचा मेनूच येत नसेल, थेट विंडोज उघडत असेल, तर बायोसच्या बूट यादीतली त्याची नोंद पुसली गेलीय. बूट मेनूतून ती डिस्क हाताने निवडून एकदा आत जा. कॉन्फिगच्या मिस्क, बूट या भागात लाँचरऑप्शन फुल ठेवलेलं असेल तर ओपनकोअर सुरू होताच आपली नोंद पुन्हा पहिल्या जागी बसवतो.

आणि तारीख. बायोस लावताना ती लावायची राहते. तारीख चुकलेली असली की सुरक्षा प्रमाणपत्रं जुळत नाहीत, वेबसाइट उघडत नाहीत, आयक्लाउड आत घेत नाही, रिकव्हरीतून इन्स्टॉल करायला गेलात तर सर्व्हरशी संपर्क होत नाही असं सांगतो. आणि लोक वाय-फायचा केक्स्ट (मॅकओएसमधला ड्रायव्हर) बदलत बसतात.

आता ईएफआय

दुसऱ्या चाचणीत नापास झालेल्यांसाठी हा भाग. बोर्डवर सीमॉस नावाची छोटीशी स्मृती असते. बायोस तिच्यात आपल्या नोंदी ठेवतो आणि शेवटी बेरीज मांडतो, चालू होताना ती बेरीज जुळली नाही तर सगळं रद्द करून मूळ सेटिंगवर जातो. मॅकओएसचा ॲपलआरटीसी, म्हणजे घड्याळाचा ड्रायव्हर, याच स्मृतीत स्वतःची बेरीज लिहितो, कारण खऱ्या मॅकमध्ये तिथे तशी जागा राखलेली असते. एकाच वहीत दोन गुमास्ते लिहायला बसावेत तसं होतं. उपाय ओपनकोअरमध्येच आहे: कॉन्फिगच्या कर्नल, क्वर्क्स या भागात डिसेबलआरटीसीचेकसम हा क्वर्क (बोर्डच्या खोडीवरची सेटिंग) चालू करा. ॲपलचा ड्रायव्हर मग बेरजेच्या त्या दोन बाइटना हात लावत नाही. पुष्कळ बोर्डांवर एवढ्याने विषय संपतो.

नाही संपला, आणि विशेषतः झोपेतून उठल्यावरच बायोस कोरा होत असेल, तर आरटीसीमेमरीफिक्सअप हा केक्स्ट घ्या. त्याला बूट आर्ग्युमेंटमधून (सुरू होताना मॅकओएसला द्यायच्या सूचनेतून) कुठल्या पत्त्यांवर लिहू द्यायचं नाही ते सांगता येतं. आधी ८० ते एबी हा पट्टा वगळून बघतात, कारण हायबरनेशनच्या नोंदी तिथे जातात. त्यानेही भागलं नाही तर अर्धा-अर्धा पट्टा वगळत दोषी पत्ता शोधावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच. केक्स्टच्या यादीत तो लिलूच्या (ज्याच्या आधारावर हे केक्स्ट चालतात त्याच्या) खाली हवा, वर ठेवलात तर चालणार नाही.

देवगडच्या मशीनचं सेल, सफाई आणि हा क्वर्क एवढ्यावर भागलं. तिन्ही लागले. एकेक करून केलं नसतं तर कोणता कशासाठी लागला ते कळलंही नसतं.

झोपेची भानगड

स्क्रीन काळी असताना कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे, फक्त चित्र येत नाही. तो ग्राफिक्सचा प्रश्न. दिवा हलत नसेल तर मशीन अर्ध्यात अडकलंय, तिथे यूएसबी, आरटीसी किंवा रॅम.

ग्राफिक्सच्या बाबतीत आधी केबल बदला, एचडीएमआय असेल तर डिस्प्लेपोर्ट लावून बघा (कुंभारिणीने परवानगी दिली असेल तर). आरएक्स ५८० ला वेगळं काही लागत नाही, व्हॉटएव्हरग्रीन हा ग्राफिक्सचा केक्स्ट पुरे. आरएक्स ५५०० पासून पुढच्या एएमडीच्या 'नावी' कार्डांना एजीडीपीमॉड पिकेरा हे बूट आर्ग्युमेंट लागतं. प्रोसेसरमधलं इंटेल ग्राफिक्सही चालू ठेवत असाल तर त्याचा प्लॅटफॉर्म आयडी हेडलेस, म्हणजे स्क्रीन न जोडलेला, हवा. डिस्प्लेवाला आयडी टाकलात तर दोघं स्क्रीनवरून भांडतात. आरएक्स ७००० ची कार्डं मॅकओएसमध्ये चालत नाहीत, कितीही केक्स्ट घाला. जीटीएक्स १०५० किंवा १०६० असेल तर हाय सिएरा या जुन्या मॅकओएसच्या पुढे जायचा विचार सोडा.

मशीन अडकत असेल तर यूएसबी मॅपकडे वळा. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मोजतं, आणि निळ्या यूएसबी ३ चं एक भोक दोन पोर्ट खातं, एक जुन्या वेगाचं आणि एक नव्या. त्यामुळे साध्या बोर्डवरही पंधराचा आकडा कधी ओलांडला ते कळत नाही. पूर्वी एक्सएचसीआयपोर्टलिमिट नावाचा क्वर्क लावून लोक ही मर्यादा डावलायचे, बिग सर ११.३ पासून तो रस्ता बंद झाला. विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्स चालवा, प्रत्येक भोकात पेनड्राइव्ह घालून ओळख पटवा, नको ती वगळा, आणि तयार झालेला मॅप ईएफआयमध्ये टाका. ब्लूटूथ ज्या पोर्टवर आहे त्याचा प्रकार इंटर्नल म्हणजे २५५ ठेवायला विसरू नका. तो बाहेरचा समजला गेला की झोप मोडते. गंजलेली पुढच्या बाजूची यूएसबी भोकं मॅपमधून काढूनच टाकलेली बरी. मीठ चढलेलं पोर्ट स्वतःहून काहीतरी जोडलंय-तुटलंय असं सांगत राहतं आणि मशीन रात्रभर दचकत उठतं.

झोपताक्षणी उठणाऱ्या मशीनसाठी टर्मिनल उघडा. पीएमसेट ही आज्ञा जी आणि लॉग जोडून (pmset -g log) द्या, आणि त्यात वेक रीझन म्हणून काय लिहिलंय ते शोधा. एक्सएचसी असेल तर यूएसबी, जीएलएएन असेल तर लॅन, आरटीसी असेल तर मॅकओएसने स्वतःच गजर लावलाय. लॅनसाठी बायोसमधलं वेक ऑन लॅन बंद करा. आरटीसीसाठी पीएमसेटमध्ये पॉवरनॅप, वॉम्प, टीसीपीकीपअलाइव्ह शून्यावर आणा. यूएसबीमुळे लगेच उठणाऱ्या बोर्डांवर एसएसडीटी-जीपीआरडब्ल्यू लागतं, पण नुसती फाइल टाकून उपयोग नाही. कॉन्फिगमधल्या एसीपीआयच्या पॅच यादीत जीपीआरडब्ल्यूचं नाव एक्सपीआरडब्ल्यू करणारी नोंदही चालू हवी. ही दुसरी पायरी राहून गेलेले ईएफआय मी इतके पाहिलेत की आता आधी तीच तपासतो.

मशीन झोपतच नाही अशी तक्रार असेल तर पीएमसेटला जी आणि असर्शन्स जोडा. कोण जागं ठेवतंय त्याचं नावच समोर येतं. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये गाणं अडकलेलं असतं, नाहीतर अडकलेला प्रिंट जॉब.

अपडेटचं काय

वरचं सगळं सुरळीत झालं की हमखास कुणीतरी अपडेट दाबतं. ओपनकोअर, लिलू आणि बाकीचे केक्स्ट आधी नवे करायचे, ते पेनड्राइव्हवरून चालवून बघायचे, आणि मगच मॅकओएस. गणपतीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत तर नकोच. सोनोमाने जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले, ज्यांनी मॅकवाली कार्डं मुद्दाम शोधून घातली होती त्यांचं वाय-फाय एका अपडेटमध्ये गेलं. ते परत आणायला ओपनकोअर लेगसी पॅचर या वेगळ्या प्रोग्रामने सिस्टिमवर पॅच मारावा लागतो आणि प्रत्येक अपडेटनंतर तो पुन्हा मारावा लागतो. किनाऱ्यावर मी सरळ लॅनची वायर ओढायला सांगतो.

टाहो, म्हणजे मॅकओएस २६, हे इंटेलसाठीचं शेवटचं. ॲपलने २०२५ च्या जूनमध्येच तसं सांगून टाकलंय. त्यात आयमॅक१९,१ ही ओळख (ओपनकोअर आपलं मशीन ज्या मॅकच्या नावाने दाखवतो ती) चालत नाही, आयमॅक२०,१ किंवा मॅकप्रो७,१ लागते. ॲपलएचडीए हा आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकल्यामुळे बोर्डवरचा आवाज ॲपलएएलसी केक्स्ट असूनही येत नाही, त्यालाही पॅच. बोर्डच्या जॅकला स्पीकर लावून काम करणाऱ्यांनी टाहोच्या आधीच्या सिक्वोयावरच राहावं. रेकॉर्डिंगवाल्यांचा यूएसबी इंटरफेस असेल तर त्यांना आवाजाची अडचण नाही, त्यांनी टाहोवर जायचं की नाही ते आपापल्या प्लगइनची यादी बघून ठरवावं.